फिलमोरचा सूत्रधार : बिल ग्रॅहम

३० सप्टेंबर १९८८ रोजी नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये पाश्चात्त्य संगीताचा एक भव्य जलसा झाला. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि सेनेगलचे यूसू एन्दूर हे त्या काळचे पाच ख्यातनाम कलावंत त्या सायंकाळी एकाच व्यासपीठावर आले होते. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला त्या वर्षी ४० वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने काढलेल्या जगभराच्या दौऱ्यातील तो एक मुक्काम होता. सुमारे सहा आठवड्यांत वीस जलसे आणि तेही लंडनपासून टोकियोपर्यंत, दिल्लीपासून हरारे आणि ब्यूनस आयर्सपर्यंत! कलावंत, वादक, ध्वनियंत्रणा, प्रकाशयोजना असा सारा लवाजमा खंडामागून खंड ओलांडत वेळेवर पोहोचवायचा होता. दिल्लीच्या प्रेक्षकांनी गायकांना पाहिले, ऐकले. हा पसारा ज्यांनी पेलला होता ते गृहस्थ मात्र नेहमीप्रमाणे रंगमंचाच्या मागे, हाती कागदांची चळत घेऊन वावरत होते. त्यांचे नाव बिल ग्रॅहम.

त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९१ मधील एका पावसाळी रात्री कॅलिफोर्नियात झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते ६० वर्षांचे होते. अमेरिकेतील रॉक संगीताचे जलसे आज ज्या पद्धतीने होतात, त्या पद्धतीचा पाया घालणाऱ्या मोजक्या माणसांमध्ये त्यांची गणना होते. परंतु या आयोजकाचे आयुष्य सुरू झाले ते अमेरिकेपासून फार दूर, आणि संगीताशी कोणताही संबंध नसलेल्या परिस्थितीत.

८ जानेवारी १९३१ रोजी बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील रशियातून जर्मनीत येऊन स्थायिक झालेले. आडनाव ग्रायोन्का. घरात पाच बहिणी, आणि हा सर्वांत धाकटा, एकुलता मुलगा. त्याला वुल्फगँग या नावाने हाक मारीत. मुलाच्या जन्मानंतर दोनच दिवसांनी वडिलांचे निधन झाले. सहा मुलांचा भार एकट्या आईवर आला. ती बाजारात किरकोळ वस्तू विकून संसार चालवू लागली. दिवसभर घराबाहेर राहावे लागत असल्याने तिने धाकट्या दोन मुलांना, म्हणजे वुल्फगँग आणि त्याची पाठची मोठी बहीण टोला यांना, अनाथालयात ठेवले. आई जिवंत असताना अनाथालयात वाढण्याचा हा योग पुढे त्या मुलाचे प्राण वाचवणारा ठरला.

हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनीतील ज्यूंचे जगणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. १९३९ मध्ये, महायुद्ध सुरू होण्यापूर्वी, अनाथालयातील काही मुलांना फ्रान्समध्ये पाठवण्यात आले. त्यांत ही दोघे भावंडे होती. पॅरिसजवळच्या एका जुन्या वाड्यात त्यांची सोय झाली. पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्सही जर्मनीच्या ताब्यात गेला आणि त्या मुलांना पुन्हा वाट धरावी लागली. चौसष्ट मुलांचा तो तांडा दक्षिणेकडे निघाला. कधी आगगाडीने, कधी पायी, अर्धपोटी. वाटेत लिऑन येथे टोला आजारी पडली. तिला मागे ठेवून पुढे जावे लागले. ती पुन्हा भावाला भेटली नाही.

पुढचा प्रवास स्पेन, पोर्तुगाल आणि आफ्रिकेचा किनारा असा झाला. सप्टेंबर १९४१ मध्ये मुलांना घेऊन येणारे जहाज न्यूयॉर्कच्या बंदराला लागले. निघालेल्या चौसष्ट मुलांपैकी अवघी अकरा मुले अमेरिकेला पोहोचल्याचे सांगितले जाते. दहा वर्षांच्या वुल्फगँगचे वजन तेव्हा जेमतेम पंचवीस किलो होते. जर्मनीत राहिलेली आई नाझींच्या ज्यू संहारात मारली गेली. एस्तर ही बहीण आउश्वित्झच्या छळछावणीतून जिवंत बाहेर पडली आणि युद्धानंतर काही वर्षांनी अमेरिकेत भावाला येऊन भेटली.

न्यूयॉर्कजवळच्या एका केंद्रात या निर्वासित मुलांना ठेवण्यात आले होते. शनिवार-रविवारी अमेरिकी कुटुंबे येत, मुलांना पाहत आणि एखाद्याला घरी घेऊन जात. आठवड्यामागून आठवडे गेले, बरोबरची मुले एकेक करून गेली, तरी हा हडकुळा मुलगा कोणाच्या नजरेत भरेना. अखेर ब्राँक्स भागातील एका ज्यू कुटुंबाने त्याला आसरा दिला. तेथे वेगळाच ताप सुरू झाला. त्याचे जर्मन वळणाचे उच्चार ऐकून गल्लीतली पोरे त्यालाच नाझी म्हणून चिडवू लागली, मारू लागली. नाझींच्या तावडीतून निसटलेल्या मुलाच्या वाट्याला हे आले! त्याने आपल्या मानलेल्या भावासमोर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून वाचून काही महिन्यांत बोलण्यातला परका सूर घालवला. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची ती रांगडी बोली मग त्यांना आयुष्यभर पुरली.

अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी नाव बदलले. टेलिफोनच्या यादीत आपल्या मूळ आडनावाच्या आसपास येणारे ग्रॅहम हे नाव त्यांनी उचलले. हे नाव त्यांना मनापासून कधीच आवडले नाही, पण ते कायम राहिले. १९५१ मध्ये त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले. कोरियाच्या युद्धात त्यांनी भाग घेतला आणि त्यांना ब्राँझ स्टार हे शौर्यपदक मिळाले. वरिष्ठांशी मात्र त्यांचे खटके उडत. हुकूम मुकाट्याने पाळणे हा त्यांचा पिंडच नव्हता.

सैन्यातून परतल्यावर न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील कॅट्सकिल डोंगरातल्या विश्रामस्थळांमध्ये त्यांनी वाढपी म्हणून काम केले. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची ज्यू कुटुंबे तेथे सुटीसाठी येत. शेकडो माणसांच्या पंक्ती वेळेवर उठवणे, रागावलेल्या पाहुण्याला शांत करणे, बड्या नटनट्यांचे लाड पुरवणे, आणि रात्री कर्मचाऱ्यांत रंगणारे पत्त्यांचे डाव चालवणे हे सारे त्यांनी तेथे केले. पुढे दहा-वीस हजार प्रेक्षकांची बडदास्त ठेवताना ज्या गोष्टी त्यांच्या कामी आल्या, त्यांतील बहुतेक या भोजनगृहांत शिकलेल्या होत्या. कोणत्याही संगीत विद्यालयाचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. नट होण्याची त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया येथे बराच काळ धडपड केली. ती साधली नाही तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये यंत्रसामग्री बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी व्यवस्थापकाची नोकरी धरली. पगार चांगला होता. मन रमत नव्हते.

ती नोकरी सोडून ते एका गरीब नाटक मंडळीत शिरले आणि येथून त्यांच्या आयुष्याला वळण लागले. सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूप ही मंडळी शहरातील बागांमध्ये राजकीय उपहासाची नाटके विनामूल्य करीत असे. ग्रॅहम तिचे व्यवस्थापक झाले. ऑगस्ट १९६५ मध्ये एका बागेत परवानगीशिवाय प्रयोग केल्याबद्दल मंडळीच्या प्रमुखांना अटक झाली. खटल्याचा खर्च उभा करण्यासाठी ग्रॅहम यांनी ६ नोव्हेंबर १९६५ रोजी मंडळीच्या माडीवर एक निधी जलसा ठेवला. जेफर्सन एअरप्लेन हा त्या वेळी नवखा असलेला वाद्यवृंद, काही कवी आणि काही विदूषकी कलावंत अशी सरमिसळ होती. माडीत मावतील त्याच्या कित्येक पट माणसे लोटली. जिना भरला, रस्ता भरला. मदतनिधीसाठी म्हणून केलेल्या या खटाटोपात ग्रॅहम यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. या शहरातील तरुण पिढीला एकत्र जमायचे होते, नाचायचे होते, आणि तिच्यासाठी धड जागा नव्हती.

पुढचा निधी जलसा १० डिसेंबर १९६५ रोजी फिलमोर ऑडिटोरियममध्ये झाला. फिलमोर स्ट्रीट आणि गिअरी बुलेव्हार्ड यांच्या कोपऱ्यावरचे हे जुने नृत्यगृह कृष्णवर्णीयांच्या वस्तीत होते. चार्ल्स सलिवन हे कृष्णवर्णीय व्यावसायिक ते चालवीत आणि तेथे आपल्या समाजातील नामवंत गायकांचे कार्यक्रम ठेवीत. सलिवन यांनी ग्रॅहम यांना सभागृह दिले, आपला परवाना वापरू दिला. पोलीस आणि शहरातील अधिकारी या लांब केसांच्या गर्दीकडे संशयाने पाहत असल्याने स्वतःच्या नावावर परवाना मिळवण्यासाठी ग्रॅहम यांना बरेच झगडावे लागले. सलिवन यांचा १९६६ च्या उन्हाळ्यात खून झाला. फिलमोरच्या कीर्तीत त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, पण त्यांच्याशिवाय ती गोष्ट सुरूच झाली नसती.

१९६६ ते १९६८ या काळात फिलमोरमध्ये जे घडले त्याला केवळ जलशांची मालिका म्हणणे अपुरे ठरेल. दोन-तीन डॉलरच्या तिकिटात प्रेक्षकाला एका रात्रीत तीन वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकायला मिळे. ज्याचे नाव ऐकून तरुण येत, त्या वाद्यवृंदाच्या जोडीला ग्रॅहम मुद्दाम एखादा ब्लूज गायक, जॅझ वादक किंवा कवी ठेवीत. न मागितलेली भाजी ताटात वाढावी तसा हा प्रकार होता. मुले ती चाखीत आणि पुढच्या वेळी मागून घेत. ओटिस रेडिंग या गायकाला राजी करण्यासाठी ग्रॅहम स्वतः जॉर्जिया राज्यातील त्याच्या गावी गेले. डिसेंबर १९६६ मध्ये ओटिसचे कार्यक्रम फिलमोरमध्ये झाले. फेब्रुवारी १९६७ मध्ये बी. बी. किंग तेथे आले. आजवर मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर गाणारे किंग हे गोऱ्या तरुणांची गर्दी पाहून प्रथम गोंधळले. परंतु ते मंचावर येताच सारे सभागृह उभे राहिले आणि एकही सूर लागण्यापूर्वी झालेल्या त्या स्वागताने किंग यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या कारकिर्दीला त्या रात्रीपासून नवा श्रोतृवर्ग लाभला. १९७० मध्ये जॅझ संगीतातील दिग्गज माइल्स डेव्हिस यांना त्यांनी ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाबरोबर एका कार्यक्रमात बसवले, तेही याच धोरणातून.

प्रत्येक कार्यक्रमासाठी स्वतंत्र भित्तिपत्रक काढण्याची प्रथा ग्रॅहम यांनी पाडली. वेस विल्सन आणि पुढे बॉनी मॅकलीन या चित्रकारांनी काढलेली ती पत्रके, त्यांतील वितळल्यासारखी वाटणारी अक्षरे आणि भडक रंग यांमुळे त्या काळाची ओळखच बनली. अक्षरे वाचताच येत नाहीत अशी ग्रॅहम यांची तक्रार असे, पण लोक पत्रकासमोर थांबून ती लावीत बसतात हे पाहून त्यांनी ती मागे घेतली. मॅकलीन या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. हा विवाह फार काळ टिकला नाही. रात्रंदिवस सभागृहात राहणाऱ्या माणसाचे घर कसे चालणार?

सभागृहाच्या दाराशी सफरचंदांनी भरलेले एक पिंप असे. येणाऱ्याने हवे तर एक-दोन घ्यावीत, पैसे नाहीत. आत शिस्त मात्र कडक होती. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू झाला पाहिजे, ध्वनियंत्रणा उत्तम पाहिजे, स्वच्छतागृहे स्वच्छ पाहिजेत, आणि कलावंताने तिकिटाच्या किमतीइतके तरी वाजवले पाहिजे यावर ग्रॅहम यांचा कटाक्ष असे. त्यांचा रागही प्रसिद्ध होता. व्यवस्थापकांशी टेलिफोनवर चालणारी त्यांची भांडणे शेजारच्या खोल्यांत ऐकू जात. प्रेम आणि शांतीच्या घोषणा देणाऱ्या त्या पिढीत ते वयाने दहा-पंधरा वर्षांनी मोठे, अमली पदार्थांपासून दूर राहणारे आणि हिशोबाला पक्के होते. त्यामुळे त्यांच्यावर नफेखोरीचा आरोप वारंवार झाला. तो सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येणार नाही. पुढील काळात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील जलशांच्या व्यवसायावर त्यांची जवळजवळ मक्तेदारी होती आणि स्पर्धकाला ते सहजासहजी पाय ठेवू देत नसत. पण कलावंताचे ठरलेले पैसे बुडवणे हा त्या धंद्यातला सर्रास प्रकार असताना त्यांचा व्यवहार चोख होता, हेही तितकेच खरे.

८ मार्च १९६८ रोजी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये फिलमोर ईस्ट हे दुसरे सभागृह उघडले. त्याच उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोमधील मूळ जागा सोडून ते मार्केट स्ट्रीटवरील मोठ्या नृत्यगृहात गेले, त्याचे नाव फिलमोर वेस्ट पडले. पुढची तीन वर्षे त्यांनी अमेरिकेच्या दोन टोकांमध्ये विमानाने येरझाऱ्या घालीत काढली. जिमी हेंड्रिक्स, ऑलमन ब्रदर्स यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिका फिलमोर ईस्टमध्येच मुद्रित झाल्या. फिलमोरमध्ये चोरून शिरणाऱ्या कार्लोस सँटाना या मेक्सिकन तरुणाला त्यांनी मंच दिला, आणि ऑगस्ट १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाच्या आयोजकांना आपली मदत हवी असेल तर या मुलाच्या वाद्यवृंदाला घ्यावे लागेल अशी अट घातली. सँटानाची पहिली ध्वनिमुद्रिका तोवर बाजारात आलेली नव्हती. महोत्सवानंतर ते नाव सर्वतोमुखी झाले.

वुडस्टॉकने ग्रॅहम यांच्या लहान सभागृहांचे दिवसही संपवले. लाखोंची गर्दी पाहिलेल्या वाद्यवृंदांना आता अडीच हजार आसनांचे नाट्यगृह अपुरे वाटू लागले. मानधनाचे आकडे वाढले. १९७१ च्या जून-जुलैमध्ये ग्रॅहम यांनी दोन्ही फिलमोर एका आठवड्याच्या अंतराने बंद केली. आपण थकलो आहोत, असे त्यांनी जाहीर केले. विश्रांती मात्र त्यांना मानवणारी नव्हती. ज्या विराट जलशांमुळे फिलमोर बंद झाली, त्यांचेच सर्वांत कुशल आयोजक म्हणून ते थोड्याच काळात पुढे आले. ओकलंडच्या क्रीडांगणावरील दिवसभराचे जलसे, १९७४ मधील बॉब डिलन यांचा दौरा, १९८१ मधील रोलिंग स्टोन्सचा अमेरिका दौरा ही त्यांतील ठळक नावे. २५ नोव्हेंबर १९७६ रोजी द बँड या वाद्यवृंदाचा निरोपाचा जलसा त्यांच्या विंटरलँड या सभागृहात झाला. तो दिवस थँक्सगिव्हिंगच्या सणाचा होता. ग्रॅहम यांनी सुमारे पाच हजार प्रेक्षकांना आधी पंक्तीला बसवून सणाचे जेवण वाढले आणि मग संगीत सुरू केले. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी या जलशाचे चित्रीकरण केले असून तो चित्रपट १९७८ मध्ये प्रदर्शित झाला.

निधी जलशाने सुरू झालेली ही कारकीर्द शेवटपर्यंत निधी जलशांशी बांधलेली राहिली. शाळांतील खेळ पैशांअभावी बंद पडणार असे कळताच १९७५ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जलसा घेतला. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी झालेल्या लाइव्ह एड या जलशाच्या अमेरिकेतील बाजूची जबाबदारी त्यांच्यावर होती. १९८६ मध्ये ॲम्नेस्टीचा अमेरिकेतील दौरा, १९८७ मध्ये मॉस्को येथील शांतता जलसा आणि १९८८ मधील तो जगप्रवास ही त्याच मालिकेतील कामे.

१९८५ सालच्याच एका घटनेने त्यांचे बालपण पुन्हा उफाळून वर आले. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन जर्मनी भेटीत बिटबर्ग येथील लष्करी दफनभूमीला जाणार असल्याचे जाहीर झाले. नाझींच्या एसएस दलाच्या सैनिकांच्या कबरी तेथे होत्या. ग्रॅहम यांनी स्वखर्चाने वर्तमानपत्रात पानभर निवेदन देऊन या भेटीला विरोध केला, सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअर चौकात निषेध सभा घेतली. रीगन ५ मे रोजी बिटबर्गला गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी ग्रॅहम यांच्या कार्यालयावर आगीचा बाँब टाकण्यात आला. ते स्वतः त्या वेळी गावात नव्हते. वीस वर्षांत जमवलेली छायाचित्रे, पत्रे, स्मृतिचिन्हे असा मोठा ठेवा जळाला. युरोपातून केवळ अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसाने जे जपून ठेवले होते, ते अशा रीतीने गेले. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी ते फिलाडेल्फियात लाइव्ह एडच्या मंचामागे उभे होते.

उत्तरायुष्यात त्यांना दोन गोष्टींची खंत होती. १९८९ मध्ये रोलिंग स्टोन्सने आपला नवा दौरा त्यांच्याऐवजी दुसऱ्या आयोजकाच्या हाती सोपवला, हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. दुसरी खंत नट न होऊ शकल्याची. ती थोडीफार भरून निघाली. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या १९७९ मधील व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली होती. १९९१ मध्ये बग्झी या चित्रपटात लकी लुचियानो या कुख्यात गुंडाची भूमिका त्यांच्या वाट्याला आली. हा चित्रपट पडद्यावर आलेला पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

२० ऑक्टोबर १९९१ रोजी, एका रविवारी, ओकलंडच्या डोंगरउतारावरील वस्तीला वणव्याने वेढले. कोरड्या, उष्ण वाऱ्याने काही तासांत २५ माणसांचे प्राण घेतले आणि सुमारे तीन हजार घरांची राख केली. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपानंतर मदतीसाठी धावलेले ग्रॅहम यांनी लगेच नव्या निधी जलशाची जुळवाजुळव सुरू केली. शुक्रवारी, २५ ऑक्टोबरला, कॉनकर्ड येथील खुल्या रंगमंडलात ह्यूई लुईस यांचा कार्यक्रम होता. लुईस यांच्याकडून होकार मिळवावा या हेतूने ग्रॅहम त्या सायंकाळी तेथे गेले. होकार मिळाला. रात्री ते आपल्या मैत्रिणीसह मरिन परगण्यातील घरी परत निघाले. हेलिकॉप्टर चालवणारा वैमानिक त्यांचा जुना सहकारी होता.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात अंतर थोडे असले तरी मधे पाणी, पूल आणि वाहनांची दाटी असते. एका रात्रीत दोन-तीन ठिकाणी हजेरी लावणाऱ्या ग्रॅहम यांना हेलिकॉप्टर अंगवळणी पडले होते. त्या रात्री मात्र पाऊस पडत होता, वारा सोसाट्याचा होता आणि ढग खाली उतरले होते. त्यांचे हेलिकॉप्टर बेल जेटरेंजर जातीचे, एका इंजिनाचे, हलके होते. अशी हेलिकॉप्टरे सामान्यतः वैमानिकाला डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांवर उडवली जातात. ढग जसे खाली येतात तसा वैमानिकही खाली येतो, कारण जमिनीवरचे दिवे नजरेआड झाले तर त्याला दिशेचा आधार राहत नाही. पण खाली येताना वाढणारा धोका वेगळाच असतो. रस्त्याचे दिवे दिसतात, झाडांची आणि मनोऱ्यांची काळी आकृती अंधारात मिसळून जाते, तारा तर दिवसाही दिसत नाहीत. काचेवर पावसाचे थेंब असले म्हणजे उरलीसुरली नजरही अधू होते.

रात्री दहाच्या सुमारास व्हलेहो गावाच्या पश्चिमेला, उपसागराकाठच्या पाणथळ भागातून जाणाऱ्या ३७ क्रमांकाच्या महामार्गाजवळ हे हेलिकॉप्टर उच्च दाबाच्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यावर आदळले. मनोऱ्याची उंची २२३ फूट, म्हणजे सुमारे ६८ मीटर होती. ग्रॅहम, त्यांची मैत्रीण आणि वैमानिक असे तिघेही जागीच ठार झाले. परिसरातील वीजपुरवठ्यात व्यत्यय आला. हेलिकॉप्टरचा सांगाडा मनोऱ्याच्या लोखंडी पट्ट्यांतच अडकून राहिला. दुसऱ्या दिवशी महामार्गावरून जाणाऱ्यांना तो दिसत होता.

रॉक संगीताच्या जगाला अशा बातम्या नव्या नव्हत्या. ग्रॅहम यांनी ज्याला फिलमोरमध्ये आणले तो ओटिस रेडिंग डिसेंबर १९६७ मध्ये खराब हवामानात विमान सरोवरात कोसळून मरण पावला होता. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन हाही १९९० च्या ऑगस्टमध्ये, मध्यरात्र उलटल्यावर, धुक्यात हेलिकॉप्टर टेकडीवर आदळून गेला होता. कार्यक्रम रात्री उशिरा संपतो, पुढच्या मुक्कामाची घाई असते, आणि थांबू या असे म्हणण्याचे धैर्य त्या घाईत कोणालाच होत नाही. ग्रॅहम तर घड्याळाच्या काट्यावर चालणारे म्हणून ओळखले जात. इतरांच्या सुरक्षिततेसाठी मंचाच्या कडेला उभे राहून प्रत्येक दोरखंड आणि तार तपासणाऱ्या माणसाने त्या रात्रीचे आकाश तेवढ्या काटेकोरपणे का तपासले नसावे, हा प्रश्न त्यांच्या निकटवर्तीयांना दीर्घकाळ छळत राहिला असल्यास नवल नाही.

३ नोव्हेंबर १९९१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये त्यांच्या स्मरणार्थ विनामूल्य जलसा झाला. सुमारे तीन लाख लोक जमल्याचा अंदाज होता. ग्रेटफुल डेड, सँटाना, जोन बाएझ, जॉन फोगर्टी अशी ग्रॅहम यांच्या हयातभराच्या सोबत्यांची मांदियाळी त्या दिवशी गायिली, वाजवली. डिसेंबरमध्ये बग्झी प्रदर्शित झाला. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव समाविष्ट करण्यात आले आणि सॅन फ्रान्सिस्को महापालिकेच्या मोठ्या सभागृहाला त्यांचे नाव मिळाले.

भूकंपात नुकसान झालेले मूळ फिलमोर ऑडिटोरियम दुरुस्त करून पुन्हा सुरू करण्याचा ग्रॅहम यांचा बेत होता. तो त्यांच्या सहकाऱ्यांनी तडीस नेला. १९९४ मध्ये फिलमोरची दारे उघडली आणि सफरचंदांची प्रथाही पुन्हा चालू झाली. त्यांची कंपनी काही वर्षे सहकाऱ्यांनी चालवली, पुढे १९९७ मध्ये ती एका मोठ्या मनोरंजन उद्योगाने विकत घेतली. कार्यालयाच्या आगीतून वाचलेली आणि गोदामांमध्ये ठेवलेली भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि जलशांच्या हजारो ध्वनिफिती नंतरच्या दशकात एका उद्योजकाने खरेदी केल्या. त्या ध्वनिफिती लोकांना इंटरनेटवर ऐकण्यासाठी खुल्या करताना त्याने आपल्या संकेतस्थळाला बर्लिनच्या अनाथालयातील मुलाचे नाव दिले, वुल्फगँग.